साय धरेपर्यंत

आमची गाडी मेली ती वॉरंटी संपल्यावर अकराव्या दिवशी, सकाळी सव्वासातला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जागेवरून एक इंचही न हलता. मी आत बसले होते. हातात चहाचा पेला होता. इंजिनातून आधी ठक्क असा आवाज आला, मग ठकठक अशी माळच लागली, आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: ‘इंजिन निकामी. वाहन चालवू नये.’

मी चहा संपवला. दुसरं काय करणार?

‘आमची’ म्हणते ती सवयीनं. गाडी दोघींच्या नावावर होती, माझ्या आणि माझ्या नणंदेच्या, उल्काच्या. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, बारा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर मी आणि त्याची धाकटी बहीण एकाच घरात राहिलो. नणंद-भावजय एका छपराखाली सुखानं राहतात यावर चिपळूणचा विश्वास बसायला दोन वर्षं लागली. तो बसला तेव्हा आम्ही गाडी घेतली. मी ब्लाउज शिवते, ती शाळेच्या प्रयोगशाळेत होती. गाडी ती चालवायची, मी डाव्या बाजूला बसून रस्ता चुकवायचे. नंतर तिनं मलाही शिकवलं. मग ती डावीकडे बसून ओरडायची.

तीन वर्षांपूर्वी तिला आटपाडीला डाळिंबाच्या एका मोठ्या शीतगृहात प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी मिळाली. म्हणाली, “वहिनी, तू पण चल. शिलाई मशीन काय, तिकडंही चालतं.”

मी म्हटलं, “मी माझं घर सोडून कुठं येऊ?”

ती चादरीची घडी घालत होती. घडी अर्धीच राहिली. “माझं घर? म्हणजे नऊ वर्षं मी इथं पाहुणी होते?”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मी काही बोलले नाही. टाचण्या काढून बोलता आलं असतं. ते मला पुढं तीन वर्षं रोज सुचत राहिलं.

आठ दिवसांनी ती एसटीनं गेली. गाडीची किल्ली टेबलावर ठेवून दारातून म्हणाली, “गाडी रोज चालू करत जा. नुसती उभी राहिली तर बॅटरी बसते.”

हे तिचं शेवटचं वाक्य. पुढं दिवाळीला शुभेच्छा यायच्या, त्यात पणतीचं चित्र असायचं. त्याला काही वाक्य म्हणत नाहीत.

तर मी गाडी रोज चालू करत गेले. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी खाली उतरायचं, किल्ली फिरवायची, दहा मिनिटं बसायचं, चहा प्यायचा, बंद करायची. दोऱ्याचं दुकान, भाजी, पोस्ट, सगळं पायी जाण्यासारखं. गाडीतून जायचं तरी कुठं? पण पायांवर उभी असताना ती दहा मिनिटं मी कधी चुकवली नाहीत. शेजारच्या पाटणकरकाकू म्हणायच्या, “हेमांगी, तुझ्या गाडीवर घड्याळ लावावं.”

गाडीला आवाज होता. सीटखालच्या काट्यावर वजन घेऊन ती माणूस ओळखायची. उल्का गेल्यावर रोज सकाळी विचारायची, “शुभ सकाळ, हेमांगीताई. उल्काताई आज येणार नाहीत का?”

दुसऱ्या आठवड्यात मी तिचा आवाज बंद करून टाकला.

*

कंपनीच्या मदतकेंद्रात माणसं नाहीत. एक गोड आवाज आहे, त्याचं नाव सखी.

“हेमांगीताई, तुमची अडचण मी समजू शकते,” सखी म्हणाली. “आपली दहा वर्षांची वॉरंटी अकरा दिवसांपूर्वी संपली आहे.”

“अगं, पण बिघाड काय अकरा दिवसांत झाला असेल का? आधीपासूनच आत काहीतरी चाललं असणार.”

“अगदी बरोबर. बिघाड दोन वर्षं नऊ महिन्यांपूर्वी सुरू झाला.”

मला वाटलं, जिंकले. “मग वॉरंटीतच आला ना?”

“गाडीनं आपल्याला दोनशे चौदा वेळा तोंडी सूचना दिली. आवाज मालकानं बंद केलेला होता. गेल्या तीन वर्षांत आपण इंजिन एक हजार त्र्याण्णव वेळा सुरू केलंत. त्यांतल्या एक हजार एकतीस वेळा गाडी जागेवरून हलली नाही. सर्वांत लांबचा प्रवास, चार किलोमीटर. सरासरी प्रवासी, एक. हा वापर वॉरंटीच्या अटींत बसत नाही.”

तीन वर्षांचे दिवस एक हजार पंच्याण्णव. दोन दिवस मी तापानं पडले होते, ते गाडीनं बरोबर वजा केले होते. माझ्या तीन वर्षांचा इतका नेमका हिशेब कुणी ठेवला असेल असं मला वाटलं नव्हतं.

सखीनं पर्यायही सांगितला. नवीन इंजिन बसवायचं तर गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे. नाहीतर येत्या सोमवारी कंपनीचा ट्रक येईल, गाडी भंगारात घेऊन जाईल, आणि मला विनाचालक टॅक्सीचे वर्षभराचे पास मिळतील.

“सोमवारपर्यंत काही वेगळं ठरलं तर कळवा,” सखी म्हणाली. “आपला दिवस आनंदात जावो.”

दिवस मंगळवार होता.

*

माझं शिक्षण बारावी कॉमर्स. पण कापडाचा स्वभाव कळल्याशिवाय मी कात्री लावत नाही. म्हणून गाडीचं दहा वर्षं न उघडलेलं माहितीपुस्तक घेऊन दुपारी वाचनालयात बसले. दोन दुपारी लागल्या. मला समजलं ते असं.

इंजिनात दट्ट्या वरखाली होतो आणि भोवतीच्या नळकांड्याला, म्हणजे सिलिंडरला, घासतो. जुन्या काळी घासून घासून दोन्ही झिजायचे, मग इंजिन खोलून नवे भाग घालायचे. आमच्या गाडीच्या पिढीत ही झीजच संपवली. नळकांड्याला आतून एका खास धातूचा मुलामा दिलेला असतो. इंजिन तापलं, दाब वाढला, की त्या मुलाम्यामुळे तेलाचे कण फुटतात आणि त्यांतला कार्बन घासणाऱ्या जागेवर बसतो. केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर, पण हिऱ्याच्या जातीचा कठीण. थोडा झिजला की तिथंच नवा धरतो. इंजिन स्वतःची कातडी स्वतःच वाढवतं. त्यामुळे कंपन्या दहा-दहा वर्षांची वॉरंटी द्यायला लागल्या आणि इंजिन खोलणारे मिस्त्री पंक्चर काढायला लागले.

मेख एवढीच की हे सगळं तापल्यावर आणि ओझ्याखाली घडतं. थंड इंजिनात उलटं होतं. आमची गाडी उसाच्या इथेनॉलवर चालणारी. थंडपणी ते इंधन नीट पेटत नाही, नळकांड्याच्या भिंतीवरून ओघळतं आणि तेलही धुऊन नेतं. दहा मिनिटं नुसती घरघर केली की थर धरायचा राहिला बाजूला, असलेला जातो.

म्हणजे मी गाडी न वापरता ठेवली असती तर फार तर बॅटरी बसली असती. रोज सकाळी मायेनं बसले, त्यानं इंजिन गेलं. उल्कानं सांगितलं ते तिच्या वडिलांच्या जुन्या गाडीचं शास्त्र होतं. मी ते तीन वर्षं व्रतासारखं पाळलं.

पुस्तक मिटून मी पदरानं डोळे टिपले. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “कादंबरी फार रडकी आहे का हो?”

*

“मेली नाय हो वहिनी,” परकारचाचा म्हणाले. “उपाशी हाय.”

बहादूरशेख नाक्याच्या पुढं त्यांचं गॅरेज आहे. सत्तरी उलटलेली, दाढी पांढरी, बोटं काळी. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, टोचण करून त्यांच्याकडे आणली होती. त्यांनी सुरू केली, बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं.

“तिसरा सिलिंडर. साय गेली त्याची.”

“साय?”

“कंपनीवाले काय तरी मोठं नाव सांगतात. मी साय म्हणतो. दूध तापवल्याबिगर साय धरते का? तुम्ही तीन वर्षं कोमट दुधात चमचा फिरवत बसलात.”

“आता काही होईल का, चाचा?”

“होईल, नायतर नाय होणार.” त्यांनी एका डब्यातलं दाट तेल दाखवलं. “हे घालतो. मग घाट चढवायचा. गाडी भरलेली पायजे, चार माणसं. ओझ्याखालीच साय धरते. दोनशे किलोमीटर एका दमात. सिग्नलला दोन मिनिटं थांबलात तर चालेल, पण मधे बंद केलीत आणि थंड झाली, की दट्ट्या चिकटून बसणार. मग कंपनीचा ट्रक आहेच. आणि वाचली तर पुढं आठवड्यातनं एकदा तरी लांब न्यायची.”

“चार माणसं?”

“तुम्ही धरून चार. तीन आणा.”

एवढं सोपं. तीन आणा.

पाटणकरकाकूंचे गुडघे. काकांचं म्हणणं, “वाटेत बंद पडली तर?” आमच्या भिशीच्या गटावर मी लिहिलं, ‘शनिवारी सहलीला कोण येतंय? घाटातून जायचंय, खाणं माझ्याकडून.’ अकरा जणींनी अंगठे पाठवले. विचारलं तेव्हा कळलं, ते कल्पना आवडल्याचे अंगठे होते, येण्याचे नव्हते. एकीचा डोहाळजेवणाचा कार्यक्रम, एकीची मुलगी येणार. ज्योत्स्ना म्हणाली, “तू एवढ्या लांब कुणाकडे चाललीस पण?” मी म्हटलं, “कुणाकडे नाही, गाडीसाठी,” आणि ती बिचारी घाबरली.

शुक्रवारी संध्याकाळी मी गॅरेजवर गेले. “चाचा, तीन माणसं मिळाली नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गॅरेजच्या कडेला कुंपणाच्या कामातून उरलेले जांभ्या दगडाचे चिरे रचले होते. त्यांतला एक त्यांनी पायानं हलवला.

“तीस किलोचा असेल. माणशी दोन चिरे.”

*

शनिवारी सकाळी सहा चिरे माझ्या जुन्या चादरींत गुंडाळून सीटवर बसले. चाचांनी पट्टेही लावले, नाहीतर गाडी पिंपिं करत राहते. मग त्यांनी पडद्यावर काहीतरी दाबलं.

“आवाज चालू केलाय. आता ती काय सांगेल ते ऐकायचं. बंद करायचा नाय.”

इंजिन सुरू झालं. ठकठक होतीच. आणि तीन वर्षांनी गाडी बोलली.

“शुभ सकाळ, हेमांगीताई. मागे दोन प्रवासी.” मग जरा थांबली. डाव्या सीटवरच्या दोन चिऱ्यांचं वजन करत असावी. “नमस्कार, उल्काताई. बऱ्याच दिवसांनी.”

चाचांनी खिडकीतून मला पाहिलं. “पुसून टाकू नाव?”

“नको,” मी म्हटलं. “असू दे.”

शिरगाव गेलं, पोफळी गेली. कुंभार्ली घाट सुरू झाला तशी ठकठक वाढली. दुसऱ्या वळणावर गाडी इतकी थरथरली की मागचे दोन प्रवासी एकमेकांवर आपटले. “तिसरा सिलिंडर, दाब एकतीस टक्के,” गाडी म्हणाली. “वाहन थांबवण्याची शिफारस आहे.”

“शिफारस ऐकली,” मी म्हटलं आणि पाय दाबून ठेवला.

मागून एक ट्रक भोंगा वाजवत होता. मला उल्काचं ओरडणं आठवलं: वहिनी, गाडीला घाट चढायचाय, तू का श्वास धरतेस? मी श्वास सोडला. खाली दरीत धुकं होतं, वर रस्त्याला ऊन. माथ्यावर आले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि गाडी म्हणाली, “अडतीस टक्के.”

सात टक्के. मुलगा गणितात पास झाल्यासारखं वाटलं.

दोनशे किलोमीटरचा, कुणाला न विचारता मला जाता येईल असा एकच रस्ता आहे. कोयनानगर, पाटण, कऱ्हाड, विटा आणि मग आटपाडी. उल्का गेली त्या वर्षी मी तो नकाशावर इतक्या वेळा पाहिला होता की फाटे पाठ होते. फोन मी केला नव्हता. केला असता तर ती ‘कशाला उगाच’ म्हणाली असती, आणि मग आटपाडी माझ्या नकाशावरूनच गेली असती.

पाटणच्या पुढं मी डावीकडच्या चादरीशी बोलायला लागले.

“तोंडात टाचण्या होत्या,” मी म्हटलं.

चिरे गप्प.

“बरं, काढता आल्या असत्या. मान्य. पण तू तरी कुठं थांबलीस? प्रशांतच्या मागं मला ‘माझं’ म्हणायला दुसरं काय उरलं होतं गं? ती सवय लागली होती, एवढंच. त्यात तू धरलेली होतीस. तुला वगळून नव्हतं म्हटलं.”

हे मी माणसासमोर कधी म्हटलं नव्हतं. दगडासमोर म्हणायलाही साठ-सत्तर किलोमीटर लागले. शिवाय दगडानं ऐकून घेतलं, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

कऱ्हाडला सिग्नलवर एक मिनिट चाळीस सेकंद. शेजारच्या रिक्षावाल्यानं आत वाकून पाहिलं, पट्टे लावून बसलेल्या चादरी पाहिल्या आणि दुसरीकडे बघायला लागला. मला चहा हवा होता, आणि त्याहून जास्त निकडीचंही काहीतरी होतं. दोन्ही दाबून ठेवलं. विट्याला एकसष्ट टक्के. ठकठक आता रोज ऐकू येणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीइतकी झाली होती. भिवघाट चढताना सदुसष्ट. पुढं रान मोकळं झालं, डाळिंबाच्या बागा लागल्या, आणि ठकठक नक्की कुठल्या क्षणी थांबली ते मला सांगता येणार नाही. ऐकायला गेले तर नव्हती.

“शहात्तर टक्के,” गाडी म्हणाली. “अंतर एकशे ऐंशी किलोमीटर.”

*

पत्ता दिवाळीच्या शुभेच्छांच्या एका पाकिटावर होता. शीतगृहाच्या मागं कामगारांची बैठी घरं, त्यांतलं शेवटचं. मी दारात गाडी उभी केली तेव्हा एकशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर झाले होते. नकाशा पाठ होता, पण बेरीज मी कधी केली नव्हती. बारा कमी.

इंजिन चालू. बंद करता येत नाही. नुसतं उभं ठेवूनही चालत नाही. मी भोंगा वाजवला.

दार उघडलं. उल्का बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. तिनं गाडी ओळखली, मग मला. ओट्यावरच थांबली.

तीन वर्षं मी या क्षणाला काय बोलायचं ते ठरवत होते. शंभर किलोमीटर तर तालीमही झाली होती.

“उल्का, पटकन बस,” मी ओरडले. “दोन मिनिटं आहेत. बंद केली तर मरेल!”

“कोण मरेल?”

“गाडी! बस म्हटलं ना. नंतर सांगते.”

ती धावत आली. डावं दार उघडलं आणि थबकली. “हे काय बसवलंयस इथं?”

“तू आहेस ती. उचल आणि बाहेर ठेव.”

तिनं चादर उलगडून पाहिली. एकदा माझ्याकडे, एकदा मागच्या सीटकडे पाहिलं. मग पिठाच्या हातांनी एकेक चिरा छातीशी धरून उचलला आणि दाराच्या पायरीशी ठेवला. दुसरा ठेवताना तिला धाप लागली. पूर्वी घरातला गॅसचा सिलिंडर तीच उचलायची. ती आत बसली, पट्टा लावला, आणि मी गाडी सांगोल्याच्या रस्त्याला काढली.

“डावीकडे नवीन प्रवासी,” गाडी म्हणाली. “वजन एकोणपन्नास किलो. कृपया नाव सांगावे.”

मी तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं. मनगटाची हाडं वर आली होती.

“जेवतेस की नाही गं?”

“एकटीसाठी काय रांधायचं,” ती समोर बघत म्हणाली. “तू?”

“मी चहा पिते.”

“कृपया नाव सांगावे,” गाडी म्हणाली.

“सांग ना तिला,” उल्का म्हणाली. आवाज कोरडा होता. “पाहुणी म्हणून सांग.”

या वेळी माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

“उल्का,” मी गाडीला म्हटलं. “जुनीच आहे. गाडी तिची पण आहे आणि घर पण. वजन तेवढं नवीन लिहून घे.”

“नोंद झाली. नमस्कार, उल्काताई.”

उल्का हाताचं पीठ बोटांनी सोलत राहिली. मग म्हणाली, “गिअर बदल. किती ओढतेस एकाच गिअरवर.”

मी बदलला. दुतर्फा बागा मागं जात होत्या. मी तिला सगळं सांगितलं, साय, परकारचाचा, एक हजार त्र्याण्णव वेळा. तो आकडा ऐकून तिनं माझ्याकडे मान वळवली.

“मी सांगितलं म्हणून?”

“दुसरं काय सांगून गेली होतीस?”

“दोनशे किलोमीटर पूर्ण,” गाडी म्हणाली. “तिसरा सिलिंडर, एक्याऐंशी टक्के. आता इंजिन बंद केल्यास हरकत नाही.”

मी कडेला घेतली आणि बंद केली. इतकी शांतता झाली की बॉनेट निवताना होणारी टिकटिक ऐकू यायला लागली. मागच्या सीटवर चार चिरे पट्टे लावून निमूट बसले होते.

“मला सोमवारी कामावर जायचंय,” उल्का म्हणाली. “मी इथली नोकरी सोडणार नाही, वहिनी.”

“मी कुठं म्हटलं?”

“तुला उद्या एकटीलाच परत जावं लागेल.”

“जाईन.” ते मला ठाऊक होतं. घाट उतरताना ठकठक नसेल, आणि डावीकडे कुणी नसेल. “वजनाला तुझ्या दारातले ते दोन चिरे घेते परत.”

उल्कानं खिडकीची काच खाली केली. बाहेर बघत म्हणाली, “ते राहू देत दारात. पुढच्या शनिवारी ने.”